'जंगली बदाम' म्हणजे नक्की कुठला? (आणि त्यातला एक कडूजहर का निघाला?)

माजघर
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस वाद चाललाय.

आईला रोज सकाळी सात भिजवलेले बदाम लागतात. गेल्या आठवड्यात नेहमीचे संपले म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं एक वेगळाच डबा काढला. बदाम छोटे, वाकडे, सुरकुतलेले. म्हणाला, "साहेब, हा जंगली मामरा. मूळ बदाम हाच. ते कॅलिफोर्निया म्हणजे बॉयलर कोंबडी, हा गावरान." भाव ऐकून डोळे पांढरे झाले, पण आईसाठी म्हणून अर्धा किलो घेतला.

तिसऱ्या दिवशी आईनं चौथा बदाम तोंडात टाकला आणि थू थू करत मोरीकडे धावली. कडूजहर! बाकीचे सहा गोड. बाबा म्हणाले, किडका असेल. आई म्हणाली, विषारी आहे, फेकून द्या सगळे. चिरंजीव म्हणाले, "आमच्या शाळेच्या आवारात बदामाचं झाड आहे, त्याचेच विकले असतील."

तर प्रश्न असे : १) खराखुरा जंगली बदाम असतो का, आणि तो खायच्या बदामाचा कोण लागतो? २) शाळेतलं झाड म्हणजे तोच का? ३) उरलेल्या पावशेराचं काय करू?

फक्तवाचक
रुमाल टाकून ठेवतो.

खारफुटी
प्रश्न दोनबद्दल अधिकारवाणीनं बोलू शकतो, कारण माझं अर्धं बालपण त्या झाडाखाली गेलंय. आमच्या रत्नागिरीकडच्या घरामागे मोठा बदाम होता. फळ पिकलं की वरचा गर आंबट-तुरट, खाल्ल्यावर जीभ चरचरायची. रात्री वटवाघळं गर खाऊन बिया खाली टाकायची, आणि सकाळी आम्ही भावंडं पाट्यावर त्या उभ्या धरून दगडानं फोडायचो. दहातल्या नऊ वेळा बोट फुटायचं. आत करंगळीच्या पेरापेक्षा बारीक गर, तो नखानं उलगडला तर गुंडाळलेल्या चटईसारखा सुटायचा. चव अगदी बदामाची. त्यामुळे चिरंजीव अगदीच चुकीचे नाहीत, असं माझं मत. हाच मूळ जंगली बदाम असणार आणि पुढे त्याची लागवड करून मोठा केला असणार.

वनस्पतीवेडी
खारफुटी, आठवण झकास, निष्कर्ष बाद. :)

आपल्याकडे 'बदाम' नावाची तीन वेगळी झाडं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही.

तुमच्या घरामागचा (आणि शाळेतला) तो देशी बदाम, टर्मिनालिया कटाप्पा. आडव्या मजल्यांसारख्या फांद्या, मोठी पानं, गळण्याआधी लालभडक. हा अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातला. म्हणजे खऱ्या बदामापेक्षा त्रिफळा चूर्णाला जवळचा. मूळचा आग्नेय आशियाच्या आणि प्रशांत महासागरातल्या बेटांच्या किनाऱ्यांवरचा. बी पाण्यावर तरंगते, म्हणून समुद्रकाठी सगळीकडे.

दुसरा, ज्याला मराठीत 'जंगली बदाम' हेच नाव आहे, तो स्टर्क्युलिया फीटिडा. कांडोळाचा सख्खा भाऊ. लाल लाकडी होडीसारखं फळ, आत काळ्या बिया. त्या भाजून खातात.

तिसरा खरा बदाम, प्रुनस डल्सिस. हा गुलाबाच्या कुळातला. पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी ही सगळी त्याची भावंडं, पीच तर इतका जवळचा की दोघांचा संकर होतो. पीचची आठळी आणि कवचातला बदाम शेजारी ठेवून बघा, चेहरेपट्टी तीच. पीचमध्ये आपण बाहेरचा गर खातो आणि आठळी टाकतो. बदामात बाहेरचा गर सुकून तडकतो, तो टाकतो आणि आठळीच्या आतलं खातो.

बागुलबुवा
त्या स्टर्क्युलियाच्या नावातच शेण आहे ना? लॅटिनमध्ये स्टर्कस म्हणजे विष्ठा असं वाचलं होतं. शिवाय फीटिडा म्हणजे दुर्गंधी. एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आडनावातही वास घातला.

आमच्या होस्टेलच्या खिडकीशी एक होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं सगळी गळलेली आणि फांद्यांच्या टोकांना लालसर फुलांचे घोस. नवीन रेक्टरसाहेबांनी पहिल्याच वर्षी ड्रेनेजवाल्यांना तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी त्यातला एक म्हातारा वर बघून म्हणाला, "साहेब, हे झाड बहरलंय. आता झाडाचं चेंबर कुठून उघडू?"

चौकटराजा
तिघांत चौथा राहिलाच की, पत्त्यांतला बदाम! तो कुठल्या कुळातला?

खारफुटी
वनस्पतीवेडी, दंडवत. चाळीस वर्षं हिरड्याचा चुलतभाऊ बदाम समजून खाल्ला.
@चौकटराजा, तो बदाम सात कुळातला. हलके घ्या.

येरेवानी
धाग्याचं नाव बघून राहवलं नाही. मी आर्मेनियात येरेवानला मेडिकलला आहे (आपली मराठी मुलं इथे बरीच आहेत) आणि खरा जंगली बदाम मी झाडावर बघितलाय, हातात घेतलाय आणि मूर्खासारखा चावलाही आहे.

दुसऱ्या वर्षी एका स्थानिक वर्गमित्राबरोबर गार्नीच्या बाजूला डोंगरात गेलो होतो. एप्रिलचा पहिला आठवडा, वर बर्फ, खाली चिखल. दगडगोट्यांच्या उतारावर, जिथे गवतसुद्धा धड उगवत नाही, तिथे डोक्याएवढी-दीड डोक्याएवढी उंच झुडपं. बोरीसारखा पसारा, हात घातला तर ओरबाडतं. पानाचा पत्ता नाही आणि सगळ्या काड्यांना पांढरी, कडेला गुलाबी फुलं. मित्र म्हणाला, "वायरी नुश." नुश म्हणजे बदाम, वायरी म्हणजे रानटी.

शरद ऋतूत परत त्याच वाटेनं गेलो तेव्हा फळं सुकून उकलली होती. बदामाचं लहान पोर म्हणावं तसं, दोन सेंटीमीटरच्या आसपास. कवच दगडानं फोडलं. आतला गर बारीक, दिसायला हुबेहूब आपला बदाम. मित्र "नको नको" म्हणेपर्यंत मी दाताखाली धरला होता. पहिला सेकंद गोडसर वाटला, आणि मग कडवटपणा असा वर चढला की खोकल्याचं औषध आणि कडुलिंब एकत्र चावल्यासारखं झालं. नाकात मात्र केकच्या इसेन्सचा वास. बाटलीभर पाण्यानं चुळा भरल्या तरी संध्याकाळपर्यंत जीभ बधिर.

नंतर कळलं की त्याचं नाव प्रुनस फेन्झलियाना. आर्मेनिया, नखिचेवान (अझरबैजानचा भाग), पूर्व तुर्कस्तान, वायव्य इराण हा त्याचा टापू. आणि आपल्या बदामाचा पूर्वज म्हणून ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं तो हाच.

अस्मानी
येरेवानी, तू खाल्लास म्हणून आम्हाला चव कळली. असे विद्यार्थी हवेत. उद्या पेशंटवर प्रयोग करू नकोस फक्त.

रसायनशाळा
येरेवानीला आलेला 'इसेन्सचा वास' हीच या सगळ्याची किल्ली आहे.

कडू बदामात अमिग्डॅलिन नावाचा पदार्थ असतो. तो अख्ख्या बदामात शांत पडून असतो. त्याचे तुकडे करणारी विकरं (एन्झाइम) त्याच बदामात, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेली असतात. चावलं, कुटलं, ओलं झालं की दोघांची गाठ पडते आणि तीन गोष्टी सुटतात : साखर, बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. बेन्झाल्डिहाइड म्हणजे केकच्या बदाम-इसेन्सचा वास. सायनाइड म्हणजे सायनाइडच.

झाडानं हा सापळा उंदीर-खारींसाठी लावलाय. आख्खं बी पडून राहिलं तर काही नाही, दात लावलात तर शिक्षा.

आता काळजीचं. माजघर, तुमच्या आईंनी एक चावून थुंकला, त्यानं काही होत नाही. पण कडू बदाम हौसेनं खायची गोष्ट नाही. लहान मुलाला पाच-दहासुद्धा जिवावर बेतू शकतात, मोठ्या माणसाला पन्नासच्या आसपास. रात्रभर भिजवून साल काढल्यानं कडू बदाम निर्धोक होत नाही. घरात लहान मूल असेल तर एकच नियम : कडू लागला की थुंकायचा, पुढचा खायचा नाही.

सोनचाफा
रसायनशाळा, घाबरवलंत! लहानपणी सुक्या जर्दाळूची आठळी बत्त्यानं फोडून आतला 'बदाम' खायचो. जर्दाळू आजीला, आठळ्या आम्हाला, अशी वाटणीच होती. त्यातला एखादा कडू लागायचा आणि आजी म्हणायची, "कडू लागला ना, आता उरलेल्या दे इकडे." तेच का हे?

रसायनशाळा
तेच. जर्दाळूतही गोड बियांच्या आणि कडू बियांच्या जाती असतात, विष तेच अमिग्डॅलिन. तुमच्या आजीनं विषशास्त्राचा धडा एका वाक्यात शिकवला.

आयुर्मान_भव
थोडा वेगळा सूर लावतो. कडू बदामाला एवढं बदनाम करू नका. यातच बी-१७ जीवनसत्त्व असतं आणि ते कॅन्सरवर चालतं. औषध कंपन्यांनी दाबून ठेवलंय. माझ्या ओळखीतले एकजण रोज पाच कडू बिया घेतात, ठणठणीत आहेत.

रसायनशाळा
नाही. हे ठामपणे लिहितो, कारण कुणीतरी वाचून करून बसेल.

'बी-१७' हे जीवनसत्त्व नाहीच, अमिग्डॅलिनला विकण्यासाठी चिकटवलेलं नाव आहे. लेट्रिल या नावानं ते खूप गाजलं. अमेरिकेत मेयो क्लिनिक आणि इतर काही केंद्रांनी पावणेदोनशेच्या वर रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी केली, १९८२ मध्ये निष्कर्ष आले. कॅन्सर बरा झाला नाही, आयुष्य वाढलं नाही, काही रुग्णांच्या रक्तात मात्र सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलं. दाबून ठेवलेलं काही नाही, उघड छापलेलं आहे.

आयुर्मान_भव
मतभेद नोंदवून थांबतो. बदामाचं नाव मात्र आपल्याकडे जुनं आहे, चरकसंहितेत 'वाताम' आहे, एवढं तरी मान्य करा.

रसायनशाळा
ते आनंदानं मान्य. अक्रोडाच्या जोडीनं आहे, बलवर्धक म्हणून.

कलमबहाद्दर
उशिरा आलो. फळझाडांच्या कलमांवर आयुष्य गेलंय, म्हणून बाबांच्या 'किडका असेल' या मताबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

कडू बदाम किडका नसतो, खवट नसतो, कच्चाही नसतो. खवट वेगळं, ते तेलाचं बिघडणं. कडू बदाम हा कडू झाडाचाच असतो. बदामाचं एक झाड घेतलं तर त्याचे सगळे बदाम गोड, नाहीतर सगळेच कडू. एका झाडावर नव्याण्णव गोड आणि एक कडू असं होत नाही. तुमच्या डब्यात कडू निघाला याचा अर्थ पोत्यात दुसऱ्या झाडाचा माल मिसळलाय.

आता गंमत बघा. बहुतेक बदामांना स्वतःचा पराग चालत नाही. मधमाशीनं शेजारच्या वेगळ्या झाडावरून आणावा लागतो. म्हणजे गोड झाडाच्या फुलावर कडू झाडाचा पराग पडणं रोजचंच. मग त्या बी-मध्ये बापाचा कडवटपणा का उतरत नाही? बी तर दोघांचं लेकरू!

कारण विषाचा कच्चा माल आईच्या उतींमध्ये, बियांच्या सालीच्या बाजूनं तयार होऊन आत येतो. सोप्या भाषेत, डबा आई भरते. पोराचं नाक बापावर गेलं असेल, पण डब्यात काय आहे ते आईच ठरवते. बापाचा गुण दिसणार तो पुढच्या पिढीत, ते बी रुजून झाड झाल्यावर.

आणि हे सगळं एका जनुकावर चालतं. त्यातही गोडपणा वरचढ. त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईची, एक बापाची) एक गोड असली तरी झाड गोड (कधी कधी किंचित कडसर). दोन्ही कडू असतील तरच कडू. २०१९ साली बदामाच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नेमकी जागा सापडली. अमिग्डॅलिन बनवणाऱ्या दोन जनुकांना 'कामाला लागा' सांगणारा एक मुकादम आहे. गोड बदामात त्या मुकादमाच्या संहितेतलं एक अक्षर बदललंय. मुकादम आवाज देतो, पण मजूर उठत नाहीत.

आपल्याला 'ध'चा 'मा' माहीत आहे. इथे कुठल्यातरी डोंगरावर, काही हजार वर्षांपूर्वी, 'मा'चा 'ध' झाला.

चौकटराजा
'मा'चा 'ध'!! कलमबहाद्दर, हा प्रतिसाद चौकट करून लावतोय.

वनस्पतीवेडी
सुरेख. याचा पुढचा भागही सांगा ना, आंबा-सफरचंदाला कलमाची वाट बघावी लागते, बदामाला नाही लागली तो.

कलमबहाद्दर
ताईंनी बरोबर धरलं. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं फळ मिळत नाही, म्हणून चांगलं झाड टिकवायला कलमाची विद्या यावी लागली. बदामाचं तसं नाही. समजा रानात शंभर कडू झाडं आणि त्यात एक गोड निघालं. त्याच्याकडे एक गोड आणि एक कडू अशा दोन प्रती. शेजारी सगळे कडू. तरी त्याच्या बिया पेरल्या तर निम्मी झाडं गोड! कडू निघतील ती तोडा, पुन्हा गोडाच्या पेरा. कलम न येणाऱ्या माणसालाही दोन-चार पिढ्यांत गोड बाग उभी करता येते. म्हणूनच बदाम हा माणसानं माणसाळवलेल्या अगदी सुरुवातीच्या फळझाडांपैकी एक धरतात.

इतिहासखोर
कलमबहाद्दरांना पुरवणी.

ग्रीसमध्ये फ्रांख्ती नावाची गुहा आहे. तिथे शेती सुरू होण्याच्याही आधीच्या थरांत रानटी बदामाची कवचं सापडली. म्हणजे लोक कडूच बदाम खात होते. कुटून, पाण्यात निथळून, भाजून विष घालवत असणार. पुढे जॉर्डनमध्ये ब्राँझयुगात लागवडीचे वाटावेत असे बदाम मिळतात, आणि इजिप्तच्या तुतांखामेनच्या थडग्यात (इ.स.पू. १३२५ च्या सुमारास) बदाम ठेवलेले होते. इजिप्तमध्ये रानटी बदाम नव्हता, तेव्हा ते लेव्हंटकडून (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून) आलेले. राजाला परलोकात कडू बदाम कोण देईल? :)

पण येरेवानीच्या एका वाक्याला हरकत. फेन्झलियाना हाच पूर्वज, असं ठामपणे नको. १९९९ साली लाडिझिन्स्की या शास्त्रज्ञानं ते मांडलं आणि त्याचं म्हणणं वजनदार आहे : झुडपाचं आणि फळाचं रूप सगळ्यात जुळतं, संकर सहज होतो. पण त्याआधीपासून दुसरा पक्ष म्हणतो की मध्य आशियातल्या ताजिकिस्तान-उझबेकिस्तानकडच्या प्रुनस बुखारिकाचंही रक्त यात आहे.

येरेवानी
मी 'सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं' असंच लिहिलंय हो, नीट वाचा. :) आणि इथल्या लोकांना बुखारिका सांगून बघा, जेवायला वाढणार नाहीत.

इतिहासखोर
मान्य, माझी घाई झाली. पण मुद्दा उरतोच. रानटी बदामाच्या वीसेक तरी जाती, भूमध्य समुद्रापासून चीनपर्यंत, आणि बऱ्याचशा एकमेकांत मिसळतात. त्यात बागेतले बदाम रानात पसरून पुन्हा कडू झालेले. आता डोंगरावर दिसलेलं झाड मूळ रानटी की घरातून पळून गेलेलं, हे ओळखायचं कसं? आपल्याकडच्या रायवळ आंब्यासारखंच. जंगलात आहे म्हणून जंगली म्हणायचं, की कुणाच्या तरी शिदोरीतल्या कोयीतून आलेलं?

वाळवंटी_वारा
शारजाहून. इथे एप्रिल-मेमध्ये इराणी दुकानांत कोवळे हिरवे बदाम येतात, वर मखमलीसारखी लव. आत कवच धरलेलंच नसतं, पांढरं पाणीदार. मीठ लावून अख्खेच खायचे. कैरी आणि काकडी यांच्या मधली चव. 'चागाले' म्हणतात. एकदा खाऊन बघाच.

जंगलीबद्दल : माझा ऑफिसमधला सहकारी शिराझचा. नवरोझच्या सुट्टीहून येताना त्यानं डोंगरी बदाम आणले होते, बादाम-ए-कुही. चण्यापेक्षा थोडे मोठे, खारवलेले. त्याची आई ते कितीतरी वेळा पाणी बदलून उकळते आणि भिजवते, कडवटपणा पूर्ण जाईपर्यंत, मग वाळवून भाजते. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, गोड बदाम स्वस्त नाहीत का? तो म्हणाला, "तुमच्याकडे कारल्याला मीठ लावून पिळतात, तेव्हा दुधी मिळत नसतो का?" निरुत्तर झालो.

वनस्पतीवेडी
तो प्रुनस स्कोपारिया असणार. लॅटिनमध्ये स्कोपा म्हणजे केरसुणी, आणि झाड खरंच उलट्या धरलेल्या केरसुणीसारखं दिसतं, सगळ्या हिरव्या काड्या. इराणच्या झाग्रोस डोंगरात पाऊस नसताना पानं गाळून टाकतो आणि हिरव्या काड्यांवर स्वयंपाक चालू ठेवतो. त्याच्या भावाचा, प्रुनस अरेबिकाचा, इस्रायलमध्ये याच गुणासाठी अभ्यास चाललाय. हिवाळ्यात पान नसतानाही खोड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं. हा गुण बागेतल्या बदामात आणता आला तर पाण्याच्या तोट्यातल्या बागांना आधार.

जंगली भावंडांचा आणखी एक उपकार म्हणजे स्वतःच्या परागावर फळ धरणं. बाल्कन-इटलीकडचा प्रुनस वेब्बी हे करू शकतो, आणि दक्षिण इटलीतल्या 'तुओनो' जातीत हा गुण त्याच्याकडून आला असावा असं मानतात.

डिंकलाडू
स्कोपारियाला डिंकही येतो ना? इराणी दुकानात 'शिराझी डिंक' म्हणून बघितलाय. लाडवात चालेल का?

वनस्पतीवेडी
डिंक त्याचाच, पण आपल्या बाभळीच्या डिंकासारखा तुपात फुलेल याची खात्री देत नाही. चमचाभर तळून बघा आणि इथे लिहा.

मार्केटयार्ड
दोन पिढ्या सुक्यामेव्यात आहे, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. (कुणीतरी यायला हवं होतं.)

मामरा हा जंगली बदाम नाही. बागेतलाच आहे. इराण-अफगाणिस्तानकडून येतो, छोटा, वाकडा, तेलकट, आणि कमी निघतो म्हणून महाग. गुरबंदी त्याहून बारीक, तोही बागेतला. अफगाणी बदामाच्या जातींची नावं तर ऐका : कंबरी, खैरोदिनी, सतारबाई...

फरक एवढाच की कॅलिफोर्नियाच्या बागा कलमांच्या, एकेका जातीच्या ओळीच्या ओळी, त्यामुळे पोत्यात कडू दाणा जवळजवळ नाहीच. जगातला सुमारे ऐंशी टक्के बदाम तिकडचा, आणि त्यांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक आपण. इराण-अफगाणिस्तानच्या जुन्या बागांत मात्र बियांपासून वाढलेली झाडं असतात. कलमबहाद्दर म्हणतात तशी दहा गोड झाडांत एक कडू उभं असतं, आणि माल एकत्रच पोत्यात. गुरबंदीत कडू निघणं हे आम्हाला रोजचं. जुने गिऱ्हाईक त्याची तक्रारही करत नाहीत.

तुमच्या दुकानदारानं 'जंगली' हा शब्द भावासाठी लावला. खरा जंगली असता तर सातही कडू निघाले असते.

चौकटराजा
सतारबाई!! ही बदामाची जात नाही, संगीत नाटकातली दुसऱ्या अंकात येणारी व्यक्तिरेखा आहे.

बागुलबुवा
आणि खैरोदिनी तिचा व्हिलन मामा. कंबरी नाच करणार. तिकीटबारी उघडा.

अस्मानी
@मार्केटयार्ड, शेवटचं वाक्य एक नंबर. या एका ओळीत माजघरांच्या घरातला वाद मिटायला हवा.

पहिलटकर_शेतकरी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. नाशिकजवळ दोन एकर आहे. हे वाचून वाटतंय की चार झाडं बदामाची लावून बघावीत. गेल्या वर्षी एका नर्सरीतून 'बदाम रोप' म्हणून दहा आणली होती, तीनशे रुपयाला एक. आता छातीएवढी झालीत. फळ किती वर्षांनी धरेल?

कलमबहाद्दर
दादा, आधी सांगा, पान किती मोठं?

पहिलटकर_शेतकरी
वीतभर. टोकाकडे रुंद. जुनी झाली की लाल होतात.

कलमबहाद्दर
...

खारफुटी
दादा, स्वागत आहे. हिरड्याच्या चुलतभावाच्या मालकांचा एक क्लब आहे, मी अध्यक्ष. सावली उत्तम मिळेल, वटवाघळं मोफत.

कलमबहाद्दर
हसू नका रे, त्यांचे तीन हजार गेलेत. दादा, खऱ्या बदामाचं पान पीचसारखं, लांबट आणि चिंचोळं. आणि खरं रोप मिळालं तरी त्याला हिवाळ्यात काही शे तास चांगली थंडी लागते, तेव्हा कुठे कळ्या जाग्या होतात. नाशिकची थंडी द्राक्षाला पुरते, बदामाला नाही. शिवाय दोन वेगळ्या जाती शेजारी हव्यात, फुलोऱ्यात मधमाश्या हव्यात आणि पाऊस नको. हौस म्हणून एखादं लावा, पिकाचा हिशेब मांडू नका. काश्मिरातच लोक बदामाच्या बागा काढून सफरचंद लावताहेत.

सोनचाफा
श्रीनगरची बादामवारी ही बदामाची बाग मार्चअखेरीस बघितली होती. पान नाही, नुसती फुलं, आणि खाली सतरंज्या टाकून नून चहा पिणारी कुटुंबं. एका आजोबांनी सांगितलं की कलम करायला खुंट कडू बदामाचाच चांगला, काटक असतो. तेव्हा डोक्यावरून गेलं होतं, आता कळलं. खाली कडू, वर गोड.

माजघर
धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. वाचून दाखवल्यावर घरात झालं ते असं :

बाबांचा 'किडका' बाद. चिरंजीवांचं शाळेतलं झाड बाद, पण 'हिरड्याचा चुलतभाऊ' त्यांनी विज्ञानाच्या वहीत लिहून घेतलंय. आईचा 'विषारी' मात्र बरोबर निघाला, त्यामुळे दोन दिवस ती कुणाचं ऐकून घेत नाहीये.

दुकानात परत गेलो. 'मा'चा 'ध' वगैरे सगळं त्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, तुम्हाला एक तरी ओरिजनल लागला की नाही?"

आता शेवटची अडचण. दिसायला कडू-गोड सारखेच. उरलेल्या पावशेरातले कडू कसे शोधायचे?

मार्केटयार्ड
बघून नाही कळत. प्रत्येक बदाम तोडून कणभर जिभेला लावायचा, कडू लागला की टाकायचा. मुलाला या डब्यातले देऊच नका. दुसरा उपाय नाही.

माजघर
तेच सुरू केलंय. आई प्रत्येक बदामाचा कोपरा तोडते आणि आधी बाबांना देते.

बागुलबुवा
बाबांचा प्रतिसाद येईपर्यंत धागा उघडा ठेवा.